मस्टरवर नाव आहे ना?

कारखान्यात कुणाचा हात मशीनमध्ये गेला की लाईनवरची माणसे आधी त्याला सोडवतात, रक्त थांबवतात, गाडी शोधतात. त्याच वेळी ऑफिसात दुसरी धावपळ सुरू होते. हा पोरगा कुणाच्या मस्टरवर आहे? कंपनीच्या की ठेकेदाराच्या? ईएसआयला नाव टाकलंय का? त्या माणसाला पुढे आयुष्यभर काय मिळणार, हे पुष्कळदा त्या अर्ध्या तासातच ठरून जाते, आणि तेव्हा तो स्वतः ऑपरेशन टेबलावर असतो.

कामगारांसाठी आपल्याकडे कायदे नाहीत असे कुणी म्हणू शकणार नाही. देशातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि तिच्या रेट्यामुळे जून १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ चा कारखाने अधिनियम पाऊणशे वर्षे चालला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे सबंध प्रकरण जोडले गेले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२०’ मध्ये सामावला गेला आहे. ईएसआय आणि अपघाती नुकसानभरपाई यांचे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. जुने नियम नव्या संहितांशी विसंगत नसतील तिथवर चालूच राहतात. त्यामुळे ‘आता जुना कायदाच उरला नाही’ असे कुणी सुनावले तर ते खरे मानू नका.

हे सगळे हक्क कामगारापर्यंत पोचतात ते नोंदीच्या वाटेने. हजेरी, पगाराची पावती, ईएसआयचा विमा क्रमांक, अपघाताची वही, दवाखान्याचा केस पेपर. यातली एखादी कडी तुटली की हक्क कायद्याच्या पुस्तकात राहतो आणि कामगार गावी परत जातो. म्हणून हा लेख कलमांपेक्षा कागदांविषयी अधिक आहे. वाचणारा स्वतः कारखान्यात नसेल, पण घरातला, भावकीतला, गावातला कुणीतरी चाकणला, वाळूजला, तळोज्याला किंवा सातपूरला कामाला असेलच. त्याला हे वाचून दाखवा.

रुजू होताना

नव्या संहितेने एक गोष्ट फार चांगली केली: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले. कायम, कंत्राटी असा भेद करून ते टाळता येत नाही. ठेकेदारामार्फत लागला असाल तर ठेकेदाराने द्यायचे. ‘सहा महिने काम बघू, मग देऊ’ हे उत्तर चालणार नाही. पत्र मिळाले की मोबाईलवर फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. खोलीवर पाच-सहा जण राहतात, भाड्याच्या खोल्या बदलतात, आणि कागद हरवतात ते नेमके तेव्हाच.

पत्र मिळत नसेल तर निदान दुसरा पुरावा जमवा. गेटपास, पंचिंग कार्ड, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, सुपरवायझरने शिफ्ट लावल्याचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, कंपनीच्या बसचा पास. न्यायालयात यातली एकेक गोष्ट उपयोगी पडते. पगार रोखीने हातात देणाऱ्या ठेकेदाराकडे खात्यावर पगार मागा, त्यातून तारखेसह नोंद आपोआप होत जाते.

मग ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. ही योजना १० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक स्वतःचे ३.२५ टक्के भरतो. १५,००० रुपये पगार असेल तर पावतीवर ११३ रुपये कापलेले दिसायला हवेत. कापलेले दिसतात म्हणजे भरले असतील, असे मात्र समजू नका. तुमचा दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या, ई-पहचान पत्र काढून घ्या आणि ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग अॅपवर हप्ते जमा होतात का, ते पाहा. त्यात बायको-मुलांची आणि आईवडिलांची नावे आहेत का, तेही तेव्हाच तपासा.

हे कामावर लागल्या लागल्या करायला सांगतो आहे त्याला कारण आहे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन-उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जखमी होणाऱ्या कामगारांबरोबर काम करते. तिच्या अहवालांत एक गोष्ट वर्षानुवर्षे येते: जखमी झालेल्यांपैकी पुष्कळांचे ईएसआय कार्ड अपघातानंतर निघालेले असते. म्हणजे माणूस महिनोन् महिने काम करत होता, पण कागदावर तो त्या दिवशीच कामाला लागला. कामावरच्या अपघातासाठी विमा पहिल्या दिवसापासून लागू असतो, किती हप्ते भरले याची अट नसते. त्यामुळे उशिरा काढलेल्या कार्डावरही लाभ मिळतो. पण रुजू होण्याची तारीख खोटी पडते, पगार कमी दाखवला जातो, आणि लाभाची रक्कम त्या कमी पगारावर बसते. पगार १६,००० आणि कागदावर ११,००० असेल तर अपघातानंतर दर महिन्याला हा फरक सोसावा लागतो.

शेड किती मोठी?

संहितेनुसार ‘कारखाना’ म्हणजे विजेवर चालणारा आणि २० कामगार असलेला, किंवा विजेविना चालणारा आणि ४० कामगार असलेला. १९४८ च्या मूळ कायद्यात हे आकडे १० आणि २० होते. मला हा बदल पटलेला नाही. सर्वांत जुनी मशीन, सर्वांत अरुंद जागा आणि सर्वांत कमी प्रशिक्षण लहान शेडमध्येच असते, आणि नेमक्या तिथूनच तपासणी मागे सरकली.

तरीही लहान शेडमधला कामगार अगदीच उघड्यावर नाही. १० कामगार असलेल्या आस्थापनेलाही संहितेतली मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागू होतात: जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे, नेमणूकपत्र देणे, सुरक्षेच्या साधनांचे पैसे न घेणे. कामगार मोजताना ठेकेदाराचे कामगारही मोजायचे असतात. एकाच छपराखाली तीन पाट्या लावून, तीन फर्म दाखवून प्रत्येकीत सहा-सात माणसे दाखवण्याची पद्धत आहे. तुमच्या शेडमध्ये असे असेल तर एकच गेट, एकच वीजमीटर, एकच सुपरवायझर, एकच माल या गोष्टी लक्षात ठेवा. खरी संख्या सिद्ध करायला त्याच लागतात.

प्रेस, टाकी आणि धूळ

पत्र्याचे भाग बनवणारे पॉवर प्रेस बोटे सर्वाधिक घेते, म्हणून ते नीट समजून घेऊ. वरचा रॅम खाली येतो, डायमध्ये पत्रा कापला किंवा वाकवला जातो, रॅम वर जातो, ऑपरेटर जॉब काढतो आणि नवा पत्रा ठेवतो. मिनिटाला कितीतरी वेळा हात डायमध्ये जाऊन बाहेर येतो. जुन्या प्रेसमध्ये पिन क्लच असतो. त्याचा दोष असा, की एकदा स्ट्रोक सुरू झाला की तो मध्येच थांबवता येत नाही. रॅम पूर्ण खाली जाऊनच वर येणार. शिवाय पिन किंवा स्प्रिंग झिजली की पॅडल न दाबताही दुसरा स्ट्रोक पडतो. कामगार याला ‘डबल मारतो’ म्हणतात. ‘ही प्रेस अधूनमधून डबल मारते’ हे वाक्य लाईनवर कुणी उच्चारले तर ते मशीन त्याच मिनिटाला बंद व्हायला हवे. अशा प्रेसवर प्रकाशाचा सेन्सर लावूनही उपयोग नाही, कारण सेन्सरने हात पाहिला तरी मशीन थांबूच शकत नाही. तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा, किंवा जॉब चिमट्याने, मॅग्नेटने ठेवायची सोय हवी.

नव्या प्रेसवर दोन्ही हातांनी दाबायची बटणे आणि सेन्सर असतात. टार्गेट वाढले की एक बटण टेपने चिकटवून ठेवतात, सेन्सर बायपास करतात, आणि पायाचे पॅडल जोडतात. हे बहुधा सेटर किंवा सुपरवायझरच्या सांगण्यावरून होते. पण अपघात झाल्यावर रिपोर्टमध्ये येते, ‘कामगाराने स्वतः गार्ड काढला.’ हे वाक्य साधे नाही. नुकसानभरपाईच्या कायद्यात मालकाला जे मोजके बचाव दिले आहेत त्यात कामगार नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणे आणि सुरक्षेचे साधन मुद्दाम काढणे हे आहेत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हे बचावही चालत नाहीत. पण बोटे गेली, हात अर्धा गेला, अशा वेळी चालतात. म्हणून गार्ड नसलेल्या मशीनवर उभे केले तर त्याच दिवशी सुपरवायझरला मेसेज टाका: ‘सर, तीन नंबर प्रेसचा सेन्सर बंद आहे, बसवून द्या.’ एवढे एक वाक्य पुरते. उत्तर नाही आले तरी मेसेज राहतो.

इथेच हातमोज्यांविषयी सांगतो. पत्रा हाताळताना हातमोजे हवेतच, पण ड्रिल, लेथ अशा फिरणाऱ्या स्पिंडलजवळ ते घालू नयेत. मोजा गुंडाळला जातो आणि हात ओढला जातो. लोंबती बाही, गळ्यातला धागा, ओढणी यांचेही तेच. बूट, गॉगल, मोजे, कानात घालायचे प्लग मालकाने फुकट द्यायचे असतात. पगारातून त्याचे पैसे कापलेले दिसले तर ती बेकायदा कपात आहे.

आता टाकी. रसायनाची, सांडपाण्याची, मळीची कुठलीही बंद टाकी साफ करायला माणूस आत उतरतो, आत ऑक्सिजन कमी असतो किंवा विषारी वायू साठलेला असतो, तो पडतो. वरचा सोबती त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. वर्तमानपत्रात दरवर्षी येणाऱ्या अशा बातम्यांत मृतांमध्ये वाचवायला गेलेले असतातच. आत उतरण्यापूर्वी हवा तपासून जबाबदार माणसाने लेखी परवानगी द्यायची, कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा, दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात ठेवायचे, श्वासाचे उपकरण आणि ते वापरायला शिकलेला माणूस वर हजर ठेवायचा, हे १९४८ च्या कायद्यापासून सांगितलेले आहे. आतला हॅण्डलॅम्प २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा नको, हेसुद्धा. यातले काही नसेल तर उतरू नका. आणि आतला पडलेला दिसला तरी साध्या रुमालाने तोंड बांधून मागे उडी मारू नका. तुमच्या मरणाने तो वाचत नाही. आधी आरडाओरड, हवा सोडणे आणि अग्निशमन दलाला फोन.

हे ‘उतरू नका’ म्हणण्याला आधार आहे. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटला तर कामगाराने मालकाला, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही, कळवण्याचा हक्क भोपाळनंतरच्या दुरुस्तीत आला आणि नव्या संहितेच्या चौदाव्या कलमातही आहे. त्याच कलमाने आरोग्य आणि सुरक्षेविषयी मालकाकडून माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. रसायनाच्या कारखान्यात ड्रमवर लेबल नसेल तर आत काय आहे हे विचारणे हा तुमचा हक्क आहे. डोंबिवलीत २३ मे २०२४ ला झालेल्या स्फोटानंतर आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांनाही आपल्या शेजारी काय साठवलेले आहे हा प्रश्न पडला. तो आधी पडायला हवा. पिरंगुटला जून २०२१ मध्ये आणि तळवड्याला डिसेंबर २०२३ मध्ये लागलेल्या आगींत मरण पावलेल्यांत बहुतेक महिला होत्या. तुम्ही जिथे उभे राहून काम करता तिथून बाहेर पडायचे दुसरे दार कुठे आहे, त्याला कुलूप आहे का, त्याच्यासमोर खोकी रचली आहेत का, हे उद्या शिफ्ट सुरू होताना एकदा बघून घ्या.

धुळीचा आजार मात्र असा एका दिवसात होत नाही, म्हणून त्याचा पुरावा जमवणे सर्वांत अवघड. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाळूच्या साच्यांत ओतकाम होते. साचा फोडताना, फेटलिंग करताना, शॉट ब्लास्टिंगला बारीक सिलिका हवेत उडते. ती फुप्फुसात बसते आणि कित्येक वर्षांनंतर धाप लागायला लागते. एक्स-रेवर पांढरे ठिपके दिसतात, आणि कामाविषयी कुणी विचारलेच नाही तर क्षयाची औषधे सुरू होतात. सिलिकोसिस असेल तर ती औषधे त्याला बरे करत नाहीत, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे दोन्ही तपासावे लागतात. डॉक्टरकडे गेलात की आधी सांगा: मी फाउंड्रीत इतकी वर्षे फेटलिंगला आहे. हे केस पेपरवर लिहून घ्या. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने आलेला बहिरेपणा हे नोंद करण्याचे व्यावसायिक आजार आहेत. ते ओळखणाऱ्या डॉक्टरने सरकारला कळवायचे असते, आणि ईएसआयमध्ये ते कामावरच्या दुखापतीसारखेच धरले जातात. पण आजार दहा-पंधरा वर्षांच्या कामातून आलेला असतो, त्यामुळे त्या सगळ्या वर्षांचा हिशेब लागतो. जुन्या कंपनीच्या पावत्या, पीएफचे पासबुक फेकू नका. संहितेने आता मालकाच्या खर्चाने वार्षिक आरोग्य तपासणी आणली आहे. तपासणी झाली की रिपोर्टची प्रत मागा. रजिस्टरात सही घेऊन ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हटल्यावर समाधान मानू नका. पाच वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की फुप्फुस किंवा कान कधीपासून उतरणीला लागले हे दिसते.

पाणी, संडास, उपाहारगृह, पाळणाघर यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे काय हवे हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १०० कामगार असतील तर कॅन्टीन, ५० असतील तर पाळणाघर, २५० असतील तर कल्याण अधिकारी, आणि सर्वसाधारण कारखान्यात ५०० व धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० असतील तर सुरक्षा अधिकारी. बायकांसाठी वेगळे, आतून कडी लागणारे, पाणी असलेले संडास ही सवलत नव्हे. लाईन सोडायला मिळत नाही म्हणून आठ तास पाणीच न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांच्या कामाचाच भाग होऊन बसला होता. रात्रपाळीला बाईची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची आणि ने-आण करण्याची सोय हवी. ओव्हरटाईमला कामगाराची संमती हवी आणि पगाराचा दर दुप्पट हवा. ‘आमच्याकडे ओटी सिंगलने असते’ हे जिथे सर्रास सांगितले जाते तिथे दर तासाला चोरी होते आहे, आणि थकलेल्या हातांमुळे अपघातही तिथेच जास्त होतात.

अपघात झाला त्या दिवशी

हा भाग घरच्यांनीही वाचावा, कारण जखमी माणूस तेव्हा काही करू शकत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर विचारतात, काय झाले? सोबत आलेला कंपनीचा माणूस पुष्कळदा सांगतो, ‘गाडीवरून पडला’ किंवा ‘घरी दारात बोट सापडलं’. जखमीला आधीच समजावलेले असते: खर्च कंपनी करेल, तू फक्त एवढं म्हण. ते म्हणू नका. केस पेपरवर पहिल्या दिवशी जे लिहिले जाते त्यावर पुढचा सगळा दावा उभा राहतो. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, कंपनीत प्रेस मशीनवर काम करताना हात सापडला’ असे लिहून घ्या आणि वाचून पाहा. पोलिसांकडे नोंद जात असेल तर जाऊ द्या. तुमच्याजवळ दुसरे कुणी नसेल तर खोलीवरच्या मित्राला दवाखान्यात बोलवा, कंपनीच्या माणसाबरोबर एकटे राहू नका.

त्याच दिवशी एखाद्या सोबत्याने मशीनचे फोटो काढावेत, गार्ड होता की नव्हता, बटण चिकटवलेले होते का, हे दिसेल असे. दुसऱ्या दिवशी गार्ड बसलेला असतो आणि मशीनला रंगही लागलेला असतो. शेजारच्या मशीनवर कोण होते त्याचे नाव आणि नंबर लिहून ठेवा. ठेकेदार माणसे हलवतो, मग साक्षीदार सापडत नाही.

कारखान्यात अपघाताची वही असते. त्यात नोंद झाली का ते विचारा. ईएसआय लागू असेल तर मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयात पाठवायचा असतो; त्याची प्रत मागा. आणि ४८ तासांचे गणित समजून घ्या. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काम करू शकला नाही तर तो अपघात सरकारला कळवावाच लागतो. म्हणून काही कारखान्यांत पट्टी बांधलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी निरोप येतो, ‘काम नको करू, नुसता येऊन बस, हजेरी लागेल.’ त्याला वाटते मालक चांगला आहे, पगार चालू ठेवतोय. प्रत्यक्षात त्या हजेरीने अपघात कागदावरून नाहीसा होतो. डॉक्टरने विश्रांती लिहिली असेल तर घरीच राहा.

कोऱ्या कागदावर सही नको, आणि न वाचता तडजोडीच्या पत्रावर तर मुळीच नको. घाबरलेल्या घराला वीस-पंचवीस हजार रुपये मोठे वाटतात. पण हक्क सोडून देतो असे लिहून घेतलेला करार कायद्याने चालत नाही. सही होऊन गेली असली तरी वाट बंद झाली असे समजून घरी बसू नका.

पैसे किती, आणि कुणाकडून

दोन वाटा आहेत, आणि एका अपघातासाठी त्यातली एकच मिळते. ईएसआयमध्ये विमा असेल तर लाभ ईएसआय देते. विमा लागू नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई.

ईएसआयमध्ये उपचार होतात, आणि काम करता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के दराने रोख लाभ मिळतो. अपंगत्व कायमचे राहिले तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम चालू राहते. अख्खी तर्जनी गेली तर अनुसूचीत १४ टक्के धरले आहेत. रोजचा लाभ ४५० रुपये बसत असेल तर १४ टक्क्यांनी रोजचे ६३ रुपये, नोकरी सुटली तरी, दुसरी लागली तरी. टक्केवारी कमी वाटली तर अपील करता येते. मृत्यू झाला तर अवलंबितांना पेन्शन. घरून कामावर जाताना किंवा परत येताना रस्त्यात झालेला अपघातही कामाशी संबंध दिसत असेल तर यात येतो. सायकलवरून पहाटेच्या शिफ्टला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला त्या कामगाराला काढता येत नाही.

दुसऱ्या वाटेचे सूत्र १९२३ च्या कायद्यातून आलेले आहे. महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक, आणि मग अपंगत्वाची टक्केवारी. हिशेबासाठी धरायच्या पगाराची मर्यादा २०२० मध्ये १५,००० रुपये केली गेली. २५ वर्षांच्या मुलाचा गुणांक २१६.९१. १५,००० चे ६० टक्के ९,०००, त्याला २१६.९१ ने गुणले की १९,५२,१९०. आणि तर्जनीचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,७३,३०० रुपये. हा आकडा एवढ्यासाठी मांडला, की वीस हजारांत ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्यासमोर बसताना तो डोक्यात असावा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ठेकेदार पळून गेला तरी मूळ कंपनीवर जबाबदारी राहते; तिने पैसे देऊन ठेकेदाराकडून वसूल करावेत, कामगाराने ठेकेदाराला शोधत फिरायचे नसते.

याशिवाय सुरक्षा संहितेत नवी तरतूद आहे. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड, किंवा दोन्ही. या दंडातला निदान अर्धा भाग जखमीला किंवा वारसांना द्यावा, असा आदेश न्यायालय देऊ शकते. तो आपोआप मिळत नाही, न्यायालयात मागावा लागतो. वकिलाला याची आठवण करून द्या.

तक्रार कुठे?

यंत्रे, आग, वायू, धूळ, आरोग्य यांविषयीची तक्रार महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, ज्याला सगळे ‘डिश’ म्हणतात. पगार, ओव्हरटाईम, ठेकेदारी यांसाठी कामगार आयुक्तांचे कार्यालय. कार्ड, हप्ते, लाभ यांसाठी ईएसआयचे शाखा कार्यालय. चुकीच्या दारात गेल्याने खेटे वाढतात, म्हणून हे वेगवेगळे लिहिले. तक्रार लेखी द्या, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

नोकरी जाण्याची भीती खरी आहे, ती खोटी ठरवण्यात अर्थ नाही. तक्रारदाराचे नाव आणि तपासणी तक्रारीवरून होते आहे ही गोष्ट निरीक्षकाने उघड करायची नाही, असा नियम १९८७ मध्ये कायद्यात आला. पण बारा माणसांच्या शेडमध्ये अंदाज लगेच बांधला जातो. म्हणून शक्य असेल तिथे चार-पाच जणांच्या सह्यांनी, किंवा युनियनच्या लेटरहेडवर तक्रार द्या. कारखान्यात सुरक्षा समिती असेल तर तिच्यावर कामगारांचे प्रतिनिधी असतात. ते कोण आहेत हे शोधा, आणि मालकाने परस्पर नेमलेले असतील तर तेही तक्रारीत लिहा.

वकिलाच्या फीपायी पुष्कळ जण दावाच करत नाहीत. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार औद्योगिक कामगाराला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही तशीच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० हा त्यांचा मोफत फोन क्रमांक आहे. जाताना नेमणूकपत्र किंवा गेटपास, शेवटच्या तीन महिन्यांच्या पावत्या, बँकेचे पासबुक, ईएसआयचा क्रमांक, दवाखान्याचे सगळे कागद आणि मशीनचे फोटो घेऊन जा. यातले निम्मेच हातात असेल तरीही जा. उरलेले कंपनीकडून मागवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.